मुलास दुखापत झाली असता पालकांस कळविण्याचे काम
(केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



शाळेत मूल पडले, त्यास लागले, तर प्रथम काय करावे हे बहुतेक शिक्षकांस ठाऊक असते. जखम धुवावी, रक्त थांबवावे, पट्टी बांधावी, गरज पडल्यास दवाखान्यात न्यावे. हे प्रशिक्षणात सांगितलेले असते आणि पुढे अनुभवाने अंगवळणीही पडते. त्यानंतरचे जे काम, म्हणजे मुलाच्या आईबापांस ती गोष्ट कळविणे, ते मात्र कोणी शिकविलेले नसते. ते आपोआप होते अशी समजूत आहे. आपोआप होते हे खरे. परंतु ते गुरुजींकडून होत नाही, वर्गातल्या दुसऱ्या पोराकडून होते. घंटा होताच शेजारच्या आळीतला मुलगा धावत जातो आणि ओट्यावर धान्य निवडीत बसलेल्या बाईस ओरडून सांगतो, "काकू, तुमच्या पोराचं डोकं फुटलं!" त्या बाईच्या हातातले सूप तेथेच पडते. मग ती शाळेकडे पळत सुटते, तिच्या मागे आणखी चारजणी, आणि शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत त्या बातमीला आणखी पाच फाटे फुटलेले असतात.

कळविण्याच्या कामाचे महत्त्व डोक्याच्या माराच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. पहिलीतले सहा वर्षांचे मूल व्हरांड्याच्या पायरीवरून किंवा घसरगुंडीवरून पडते. थोडे रडते, पाणी पिते, दहा मिनिटांनी पुन्हा खेळावयास लागते. रक्त नाही, कानाच्या वर एक टेंगूळ तेवढे आले आहे. शिक्षकाच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. परंतु कवटी व मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्या मध्ये रक्तस्राव होत असेल तर काही तास मूल अगदी ठीक दिसू शकते. डॉक्टरांस ही मधली अवस्था चांगली परिचयाची आहे, आणि इतरांस फसविणारी तीच आहे. पाच वाजता शाळा सुटते, मूल घरी जाते. आठ वाजता त्यास ओकारी होते. आईस वाटते, दुपारची खिचडी बाधली किंवा ऊन लागले. मूल पेंगू लागते. तिला वाटते, दमले असेल, निजू द्यावे. हे मूल शाळेत पडले होते एवढे एक वाक्य तिला ठाऊक असते, तर त्याच ओकारीचा आणि त्याच पेंगण्याचा अर्थ तिने निराळा लावला असता, आणि रात्री नऊ वाजताच गाडी शोधली असती.

मूल स्वतः घरी सांगेल, अशी अपेक्षा काही शिक्षक बाळगतात. सहा वर्षांच्या मुलाकडून ती बाळगू नये. एक तर ते विसरते, दुसरे असे की "पळत का होतास?" म्हणून घरी दोन धपाटे बसतील या भयाने ते मुद्दाम लपविते. तेव्हा पालकांस कळविणे हा उपचाराचाच भाग धरावयास हवा. डोक्यास मार लागला असेल, तो कितीही किरकोळ दिसो, त्याच दिवशी मुलाच्या घरच्या मोठ्या माणसास प्रत्यक्ष गाठून सांगितले पाहिजे की, मूल अमक्या वेळी, एवढ्या उंचीवरून, डोक्याच्या या बाजूवर पडले आहे. पुढील चोवीस तास त्याच्याकडे लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा ओकारी झाली, डोकेदुखी वाढत गेली, मूल उठविता उठेना, बोलणे विसंगत झाले, चालताना झोक जाऊ लागला, झटका आला, किंवा नाकाकानातून पाणी अथवा रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. एवढे सांगण्यास दोन मिनिटे लागतात.

कुत्र्याच्या ओरखड्याची गोष्टही अशीच आहे. मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात खिचडीच्या वासाने कुत्री येतात. एखाद्या मुलास पोटरीवर दात लागतो. दिसावयास काट्याने ओरखडल्यासारखे. अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावयाची असते आणि लसीची पहिली मात्रा शक्यतो त्याच दिवशी द्यावयाची असते. मिरचीपूड, चुना, हळद यांपैकी काहीही तीत भरावयाचे नसते. पुढच्या मात्रांच्या तारखा डॉक्टर देतात आणि त्या महिन्याभरात पसरलेल्या असतात. म्हणजे शाळेने पहिल्या दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणले तरी काम पुरे होत नाही. उरलेल्या तारखा पाळावयाच्या त्या आईबापांनी. त्यांस जर नीट सांगितलेच नसेल तर दुसऱ्या मात्रेला कोण नेणार? रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसू लागतात, आणि एकदा ती दिसू लागल्यावर वैद्यकाच्या हाती जवळजवळ काही उरत नाही.

मग शिक्षक कळवीत का नाहीत? आळस हे कारण क्वचितच असते. खरे कारण भय हे होय. दोन शिक्षकी शाळा; एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले, दुसऱ्या बाईंकडे दोन वर्ग; तेवढ्यात मूल पडले. आता गावात बोभाटा होईल, कोणी तक्रार अर्ज देईल, वरिष्ठांकडून विचारणा येईल, या विचाराने मन कचरते आणि "फार काही नाही, उद्या बरं होईल" असे वाटावयास लागते. हे भय समजण्यासारखे आहे, पण त्यामागचा हिशेब चुकीचा आहे. मूल पडले म्हणून शाळेवर रागावणारा पालक विरळा. शेतात, अंगणात, बैलगाडीवरून मुले पडतातच, हे खेड्यातल्या माणसास सांगावे लागत नाही. तो संतापतो तो लपविल्यामुळे. ज्या शाळेने मंगळवारी गुडघा फुटल्याचे आपण होऊन कळविले, तिने शुक्रवारी हात मोडल्याचे सांगितले तर तिच्या शब्दावर विश्वास बसतो. जिने गुडघा लपविला, तिच्या हात मोडल्याच्या हकीकतीत गाव छिद्रे शोधू लागते.

आधी कळवावे की आधी दवाखान्यात न्यावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. जीव धोक्यात असेल तर पालकांच्या परवानगीसाठी एक क्षणही थांबावयाचे नाही. याबाबत कायद्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्येच हे तत्त्व होते की, संमती घेण्यास वेळ किंवा सोय नसेल तेव्हा एखाद्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती अपराध ठरत नाही; आणि तेथे उदाहरण दिले होते ते अपघात झालेल्या एका बालकाचेच, ज्याच्या पालकास विचारण्यास अवधी नसल्याने डॉक्टर तातडीने शस्त्रक्रिया करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते तत्त्व कलम ३० मध्ये आहे. तसेच, पोलिसांचे सोपस्कार पुरे होण्याची वाट न पाहता प्रथम जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या १९८९ च्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रथम १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. ती येण्यास वेळ लागणार असेल तर गावातली जी गाडी मिळेल ती घ्यावी. गाडीची व्यवस्था एकाने पाहावी व त्याच वेळी दुसऱ्याने फोन लावावा. जेथे शिक्षक एकच आहे तेथे खिचडी शिजविणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शालेय व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांपैकी कोण वर्ग सांभाळील व कोण सोबत येईल, हे जूनमध्येच ठरलेले असावे. अपघाताच्या वेळी माणसे शोधीत फिरणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

विंचू व साप यांच्या बाबतीत या क्रमाला आणखी एक अर्थ आहे. कौलारू खोल्या, दगडांचे ढीग, पावसाळ्यात वाढलेले गवत यांमुळे या जिल्ह्यात हे प्रसंग येतात. विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात केलेल्या संशोधनाने हे दाखवून दिले की, प्राझोसिन हे साधे औषध वेळेवर दिले तर लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच टळतात. मूळचे जालना जिल्ह्यातले हे डॉक्टर. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. सापाच्या विषावर प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते. तथापि 'मुलाला साप चावला, शाळेत या' असा निरोप घरी गेला तर अजूनही काही घरी पहिली आठवण देवऋषी किंवा मांत्रिकाची होते, आणि शाळेत आलेली मंडळी मुलास उचलून तिकडे नेतात. त्यांच्याशी वाद घालण्याची ती वेळ नसते. यास्तव गाडी निघाल्यावर निरोप असा जावा : "मुलाला घेऊन आम्ही उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात निघालो आहोत, तुम्ही थेट तिथेच या." दंशाची वेळ, जागा, आणि आतापर्यंत काय केले हे मात्र पालक व डॉक्टर दोघांसही सारखेच सांगावे, डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेविषयीच असतो.

आता प्रत्यक्ष बोलावे कसे, ते पाहू. फोनवर शाळेचे नाव ऐकताच आईबापांच्या काळजात चर्र होते. म्हणून पहिल्या वाक्यातच मूल कसे आहे ते सांगावे. "दादा, शाळेतून गुरुजी बोलतोय. तुमचा मुलगा शुद्धीवर आहे, बोलतो आहे. अकराच्या सुमारास खेळताना पडला, उजवा हात मनगटाशी सुजला आहे. फळी लावून हात बांधला आहे. आम्ही त्याला कळंबच्या सरकारी दवाखान्यात नेत आहोत, बाई त्याच्याजवळ आहेत. तुम्ही तिथे या. आधार कार्ड असलं तर आणा, नसलं तरी चालेल. घाई करून गाडी पळवू नका." एवढे पुरे. यात 'काही झालं नाही' हे खोटे आश्वासन नाही, आणि 'लवकर या, लवकर या' हा घोरही नाही. हात मोडला आहे असेही म्हटलेले नाही, कारण ते क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनी सांगावयाचे. शिक्षकाने दिसले तेवढेच सांगावे. तो कसा पडला, कोणी ढकलले, त्या वेळी कोणते गुरुजी कोठे होते, याची चर्चा फोनवर करू नये. परंतु पालकाने विचारलेच तर टाळू नये, "भेटल्यावर सगळं सविस्तर सांगतो" असे म्हणावे आणि भेटल्यावर खरोखरच सांगावे.

दुखापत गंभीर असेल, मूल बेशुद्ध असेल, तर तसे शब्दांत सांगावे, पण त्या बापाजवळ त्या क्षणी कोण आहे हे आधी विचारून घ्यावे. शेतातून एकटा माणूस मोटारसायकलवर बसून निघाला आणि वाटेत स्वतःच पडला, असे घडू शकते. त्याच्या भावकीतल्या किंवा शेजारच्या एखाद्यास गाडी घेऊन त्याच्याकडे धाडावे व नंतरच फोन करावा. आणि जे कोणाही शिक्षकावर न येवो, ते मरणाचे वृत्त मात्र फोनवर देऊ नये. मुख्याध्यापकांनी गावातली वडीलधारी माणसे बरोबर घेऊन दारी जावे.

या जिल्ह्यात एक अडचण अशी आहे की, तिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. परततात ती फाल्गुन-चैत्रात. त्यांची काही मुले हंगामी वसतिगृहात जेवतात, आणि पुष्कळ मुले आजी-आजोबांजवळ राहतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने या मुलांचे 'पालक' हजेरीपत्रकात एक आणि घरात दुसरे असतात. शाळेतल्या प्रवेश अर्जावरचा क्रमांक बापाचा. तो फडात उसाला भिडलेला, फोन खोपीत चार्जिंगला, किंवा मुळात बंद. घरी सत्तर वर्षांची आजी. तिला वाचता येत नाही, फोनचे बटण दाबता येते एवढेच. तिच्या हाती चिठ्ठी देणे म्हणजे कळविणे नव्हे. शिक्षकाने तिच्या दारी जावे, ओट्यावर बसावे, "आजी, नातवाला शाळेत लागलंय" म्हणून सावकाश सांगावे, आणि काय पाहावयाचे ते तिच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे. रात्री काही वाटले तर कोणास हाक मारावी, त्या शेजाऱ्याचे नावही तिच्याबरोबरच ठरवून द्यावे.

आणि आजीस सांगितले म्हणजे आईस सांगितले, असेही समजू नये. आजी पुष्कळदा लेकीसुनेस कळवीतच नाही. "तिकडे उगीच जिवाला घोर, कशाला सांगायचं" असे म्हणते. तिचा हेतू चांगला असतो. पण मुलाचा हात मोडल्याचे आईस महिन्याने, तेही फडावर नव्याने आलेल्या गावच्या माणसाकडून कळावे, यासारखे दुःख नाही. म्हणून आईबापांपर्यंत शाळेने स्वतः पोहोचावे. त्यांचा फोन लागला नाही तर मुकादमाचा लावावा. टोळीतल्या प्रत्येकाजवळ फोन नसला तरी त्याच्याजवळ तो असतोच. मात्र त्याच्यापाशी निरोप ठेवून मोकळे होऊ नये. उचल दिलेली असल्यामुळे हंगामाच्या मध्यात जोडी गावी जाणे मुकादमास परवडत नाही. तेव्हा निरोप त्याच्या तोंडून सौम्य होऊन जातो, कधी दोन दिवस उशिराने जातो. "मुकादम, त्यांना फोनवर द्या, दोन मिनिटं बोलायचं आहे, मी संध्याकाळी सातला पुन्हा फोन करतो" असे शिक्षकाने म्हणावे व सात वाजता खरोखर करावा.

त्या संभाषणात शिक्षकाच्या चांगुलपणाची परीक्षा होते. पलीकडून आई विचारते, "गुरुजी, यावं का आम्ही?" एक दिवसाचा खाडा, दोघांचे भाडे, मुकादमाची बोलणी हे सारे शिक्षकास दिसत असते, आणि दयेपोटी तो म्हणतो, "नका येऊ, काही विशेष नाही." हा निर्णय त्याचा नव्हे. त्याने डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे सांगावे. शक्य असेल तर मुलास फोनवर द्यावे, आईस त्याचा आवाज ऐकू द्यावा. यावे की न यावे हे तिने व त्याच्या बापाने ठरवावे. मुलाची दुखापत लहान करून सांगण्याचा अधिकार शिक्षकास नाही, तिला मोठी करण्याचाही नाही.

व्हॉट्सॲपच्या पालक गटाविषयी दोन शब्द अवश्य आहेत. अभ्यास, सुट्टी, पालक सभा यांसाठी तो उपयोगी आहे. जखमी मुलाचे छायाचित्र तेथे कधीही टाकू नये, नावही टाकू नये. बागलकोटच्या फडात रात्री भाकरी खाताना एखाद्या बापाने गटात आपल्याच मुलाचे रक्ताळलेले तोंड पाहावे, हे शाळेने होऊ देता कामा नये. शिवाय एका मुलाचे छायाचित्र गटात गेले की ते गावाच्या चावडीवर गेलेच.

सहलींच्या बाबतीत कळविण्याची तयारी निघण्यापूर्वीच व्हावयास हवी. नळदुर्ग, परंडा, तेर, तुळजापूर येथे शाळा सहली नेतात. मुलांच्या नावांची व पालकांच्या क्रमांकांची एक यादी गाडीत, एक गावात मुख्याध्यापकांजवळ किंवा समितीच्या अध्यक्षांजवळ ठेवावी. गाडीत मागे-पुढे कोणते मूल चढले ते यादीवर खूण करून. अनेक मुले एकाच वेळी जखमी झाली तर कोणते मूल कोणत्या गाडीतून कोणत्या रुग्णालयात गेले, हे गाडी हलण्यापूर्वी लिहून घ्यावे. वेल्समधील ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या राखमातीचा डोंगर शाळेवर घसरला. ११६ मुले व २८ प्रौढ माणसे मेली. मुले ओळखण्यासाठी तेथील आईबाप एका लहान प्रार्थनामंदिराबाहेर तासन् तास रांगेत उभे होते. तेवढा मोठा अनर्थ राहो. परंतु साधी बस उलटली आणि निम्मी मुले सोलापुरास, निम्मी धाराशिवास नेली, तर यादीवाचून पन्नास घरांची माणसे दोन्ही गावी धावत सुटतील.

दोन मुलांच्या भांडणात लागले असेल तर दोन्ही घरी कळवावे, पण निरनिराळे. ज्यास लागले त्याच्या घरी दुसऱ्याचे नाव घेऊन आग लावू नये. ज्याने लावले त्याच्या घरी घटना सांगावी, मुलास गुन्हेगार ठरवू नये. गावात जुनी भावकीची किंवा बांधाची भांडणे असतात, आणि दगड कोणी मारला या एका वाक्याने ती पुन्हा पेटतात. शिक्षकाच्या हातून लागले असेल तर मात्र बोलण्यास काही जागाच उरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी आहे. अशा वेळी ज्याने मारले त्याने नव्हे, तर मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पालकांस भेटून खरे काय ते सांगावे. 'बाकावरून पडला' असे मुलास पढवून घरी पाठविणे हा मूळ अपराधाहून मोठा अपराध आहे. कारण त्यात मुलास खोटे बोलावयास शिक्षकानेच शिकविलेले असते.

काही दुखापती निराळ्याच असतात. लहान मुलगी अथवा मुलगा विशिष्ट जागी दुखत असल्याचे सांगतो, लघवीस जाताना रडतो, एखाद्या माणसास पाहून दडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे दोन चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडले आणि त्यानंतर २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेमार्गावर उतरले, त्या संतापात शाळेने वेळीच दखल घेतली नाही हा भाग मोठा होता. येथे शाळेने स्वतः चौकशी करावयाची नाही, मुलास पुन्हा पुन्हा विचारावयाचे नाही, आंघोळ घालावयाची नाही, कपडे धुवावयाचे नाहीत. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाविषयीची अशी गोष्ट दडविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आईबापांस सांगावे ते एकांतात, शक्यतो शिक्षिकेने. संशय घरातल्याच माणसावर असेल तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर आधी बोलावे.

किरकोळ दुखापतींसाठी प्रत्येक शाळेत एक नोंदवही असावी. तीत दिनांक, वेळ, जागा, काय झाले, काय उपचार केला, घरी कोणास, किती वाजता, कोणी कळविले, एवढेच लिहावे. 'मूल खोडकर असल्याने पडले' असे अभिप्राय लिहू नयेत. 'सव्वा अकरा, हातपंपाजवळ घसरून पडली, डाव्या गुडघ्यास खरचटले, साबणाने धुतले. आईस साडेपाच वाजता घरी जाऊन सांगितले' ही नोंद आदर्श समजावी. पुढे मोठे काही निष्पन्न झाले तर ही एक ओळ शिक्षकाचे संरक्षण करते, आणि इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची जी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्या प्रस्तावासही तीच पाया होते. तो प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. दवाखान्याचे कागद जपून ठेवा असे पालकांस पहिल्याच दिवशी सांगावयास हवे, कारण बिचारे ते कागद भाकरीच्या फडक्यात बांधतात किंवा फेकून देतात.

दुसऱ्या दिवशी मूल शाळेत आले नाही तर हजेरीत गैरहजेरी मांडून स्वस्थ बसू नये. मधल्या सुट्टीत घरी जाऊन यावे. आले तर त्यास वर्गासमोर उभे करून "पळू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?" असे म्हणू नये. त्या हातपंपाजवळचे शेवाळ मात्र त्याच दिवशी खरवडून काढावे व ते काढले असे त्या आईस सांगावे; शाळेने माझ्या मुलीच्या पडण्यावरून काही केले, हे तिला कळले पाहिजे.

राहता राहिले क्रमांक. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी घेतलेले फोन क्रमांक ऑक्टोबरपर्यंत निम्मे तरी बदललेले आढळतात. सिमकार्ड बदलते, पैसे भरलेले नसतात, थोरल्या भावाने फोन नेलेला असतो. यास्तव टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे घटस्थापनेच्या आठवड्यात, प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या यादीतला एकेक क्रमांक स्वतः लावून पाहावा. जे पालक ऊसतोडीस जाणार आहेत त्यांच्याकडून कारखान्याचे नाव, मुकादमाचा क्रमांक, आणि गावात मुलाची जबाबदारी कोणावर राहील ते लिहून घ्यावे व त्या माणसास एकदा शाळेत बोलावून त्याची ओळख करून घ्यावी. जो क्रमांक लागणार नाही त्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन नवा आणावा. यादीची एक प्रत कार्यालयात भिंतीवर न लावता कपाटात ठेवावी, दुसरी खिचडी शिजविणाऱ्या ताईंजवळ द्यावी. कारण गुरुजी मुलास घेऊन गाडीत बसले म्हणजे शाळेत मोठे माणूस बहुधा तेवढेच उरते.